शीर्षकाखालची रेघ तोकडी आहे

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात मशीनशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद टांगलेला असतो. तिथले लोक त्याला वर्क इन्स्ट्रक्शन म्हणतात. जॉब कसा बसवायचा, कुठलं बटण आधी दाबायचं, गेज लावून काय बघायचं, नापास माल कुठल्या रंगाच्या क्रेटमध्ये टाकायचा, हे सगळं त्यावर फोटोसकट आणि मराठीत असतं. खाली रिव्हिजन नंबर, तारीख, तीन सह्या आणि ‘कंट्रोल्ड कॉपी’ असा शिक्का. कागद वापरून तेलकट झालेला असतो. ऑडिटच्या आदल्या रात्री तो काढून त्याच्या जागी करकरीत प्रत लावली जाते आणि मुरलेला ऑडिटर नेमका त्या करकरीतपणावरच संशय घेतो. या कागदामागे आयएसओ ९००१ या मानकाचं ७.५.३ हे कलम उभं आहे. २०१५ च्या आवृत्तीतल्या या कलमाचा मतलब एवढाच, की दस्तऐवज जिथे लागतो तिथे आणि जेव्हा लागतो तेव्हा मिळाला पाहिजे, शिवाय मिळाल्यावर वापरता आला पाहिजे. ऑडिटरने ऑपरेटरला “सूचना कुठाय?” असं विचारलं आणि “ऑफिसातल्या कपाटात, किल्ली साहेबांकडे, साहेब पुण्याला” असं उत्तर आलं, की एनसी ठरलेली. एनसी म्हणजे नॉन-कन्फर्मिटी. वाळूजमध्ये हा शब्द उच्चारताना भल्याभल्यांचा आवाज खाली येतो.

याच छत्रपती संभाजीनगरच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याकडे आणि सिडकोतल्या घरांच्या वरच्या मजल्यांवर, सॉफ्टवेअर लिहिलं जातं. लिहिणाऱ्यांत वाळूजच्या सुपरवायझरांची मुलंमुलीही असणारच. पण बापाच्या कारखान्यातलं कलम मुलीच्या लॅपटॉपपर्यंत पोचलेलं नाही. सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन हे मशीनशेजारी टांगलेलं नसतं. ते आधी ‘बिल्ड’ करावं लागतं. म्हणजे असं, की मजकूर साध्या फायलींत, ठरावीक खुणा वापरून लिहिलेला असतो. एक साधन त्या फायली वाचतं, खुणांचे अर्थ लावतं, अनुक्रमणिका जुळवतं आणि त्यातून ब्राउझरमध्ये उघडणारी देखणी पानं काढतं. स्वतःच्या यंत्रावर हे केलं की त्याला ‘लोकलला बिल्ड करणं’ म्हणतात. आता हे बिल्ड कसं करायचं याच्या सूचना कुठे असतात? त्याच डॉक्युमेंटेशनमध्ये. म्हणजे पानं वाचता यावीत म्हणून ती आधी बिल्ड करायची आणि बिल्ड करता यावीत म्हणून ती आधी वाचायची. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून वर कपाट बंद करण्याचा हा प्रकार जगभरचे हुशार लोक पगार घेऊन करतात.

त्यात भर म्हणून दर काही वर्षांनी हे साधन बदललं जातं. आणि माझं म्हणणं या बदलाविषयी आहे. डॉक्युमेंटेशनचं साधन बदलणं योग्य की अयोग्य, हे नव्या साधनाची पानं किती सुंदर दिसतात, शोधाची चौकट किती चपळ आहे किंवा रात्री वाचायला काळी पार्श्वभूमी आहे की नाही, यावरून ठरत नाही. प्रकल्पाशी ओळख नसलेल्या माणसाला, कोऱ्या लॅपटॉपवर, कुणालाही फोन न करता एका आज्ञेत ते बिल्ड करता येतं का, एवढ्यावरच ते ठरतं. येत असेल तर बदल फळला. येत नसेल तर तो बदल म्हणजे लिहिण्याचं काम टाळण्याचा आपल्या क्षेत्रातला सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे.

टाळण्याचा मार्ग म्हणतो, कारण या बदलांचा उगम बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो. बैठकीत कुणीतरी विचारतं, की आपलं डॉक्युमेंटेशन इतकं जुनाट का? याचं खरं उत्तर ‘कारण आपण लिहीत नाही’ असं आहे, पण खरं उत्तर दिलं की उद्यापासून लिहावं लागतं. म्हणून दोष साधनावर जातो. साधन बिचारं बैठकीला नसतं आणि असतं तरी उलट बोललं नसतं. मग नवं साधन निवडण्याचा प्रकल्प निघतो आणि त्याच्याइतका रम्य प्रकल्प दुसरा नाही. तुलनेचे तक्ते होतात, रंगसंगतीवर मतदान होतं, लोगो डावीकडे असावा की मधोमध यावर दोन ज्येष्ठ अभियंते अबोला धरतात. काही आठवड्यांनी सगळी पानं नव्या साधनात दाखल होतात. त्यांत ‘या विभागाची माहिती लवकरच येईल’ हे पाच वर्षांपूर्वीचं पानही असतं, अत्यंत निष्ठेने, एकही अक्षर न गमावता हलवलेलं. आता ते मोबाइलवरही छान दिसतं. या रम्यपणाला खतपाणी घालायला साधनांचा पुरवठाही अखंड आहे. २००८ साली स्फिंक्स आलं, त्याच वर्षी जेकिल आलं, २०१३ साली ह्यूगो, २०१४ साली एमकेडॉक्स, २०१७ साली फेसबुकने डॉक्युसॉरस दिलं. एमकेडॉक्सला मटेरिअल नावाचं सुरेख रूप मिळालं, जग तिकडे वळलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच रूपाच्या कर्त्यांनी झेन्सिकल नावाचं नवं साधन जाहीर केलं. जे नुकतेच सामान उतरवून टेकले होते, त्यांनी दोऱ्या फेकून दिल्या नसतील अशी आशा आहे.

हलवाहलव झाल्यानंतर लोकल बिल्ड करायला बसणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मात्र सविस्तर पाहण्यासारखं आहे. समजा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी एखाद्या मुक्त प्रकल्पातलं एक चुकीचं वाक्य दुरुस्त करायला निघाली आहे. काम एका वाक्याचं. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावरच्या फायलीत जुन्या साधनाची आज्ञा लिहिलेली आहे, कारण हलवणाऱ्यांनी आतली तीनशे पानं हलवली आणि दारावरची पाटी विसरले. ती आज्ञा चालत नाही. शोधाशोध करून नवी आज्ञा मिळते. ती पायथनची विशिष्ट आवृत्ती मागते. ती घातली, की आभासी पर्यावरण करा अशी सूचना येते. हे आभासी पर्यावरण प्रत्यक्षातल्या पर्यावरणाइतकंच सहज बिघडतं. पुढे एक फाइल टॅब आणि स्पेस यांतला फरक मानते: एमकेडॉक्सची मांडणी ज्या याम्ल फायलीत असते तिला टॅब चालतच नाही, आणि चालत नाही हे सांगण्याची तिची पद्धत अशी आहे की ऐकणाऱ्याला आपल्या चारित्र्यावरच काही आक्षेप आहे असं वाटावं. शेवटी बिल्ड होतं, सर्व्हर सुरू होतो. पण दाखवायचा पत्ता प्रत्येक साधनाचा वेगळा. जेकिल ४००० क्रमांकाच्या पोर्टवर पानं दाखवतं, एमकेडॉक्स ८००० वर, डॉक्युसॉरस ३००० वर आणि ह्यूगो १३१३ वर. जुन्या सवयीने ४००० उघडून कोऱ्या पानाकडे बघत बसलेले लोक जगात या क्षणीही असतील, आणि नवं साधन बिघडलंय अशी त्यांची खात्रीही झाली असेल.

स्फिंक्सचा विषय निघालाच आहे तर त्याच्या एका सूचनेवर थांबायला हवं. स्फिंक्समध्ये मजकूर रिस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पद्धतीत लिहितात आणि त्यात शीर्षक कळावं म्हणून त्याच्याखाली बरोबरीच्या चिन्हांची किंवा डॅशची रेघ ओढायची असते. नियम असा, की रेघ शीर्षकापेक्षा आखूड असता कामा नये. असली तर ‘शीर्षकाखालची रेघ तोकडी आहे’ अशा अर्थाचा इशारा येतो. इंग्रजीत हे जमून जातं. मराठीत शीर्षक ‘माहिती’ असेल तर आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. यंत्र मात्र म, काना, ह, वेलांटी, त, वेलांटी असं सहा मोजतं. एक वरकड धरून चार डॅश देऊन आपण निश्चिंत होतो आणि यंत्र म्हणतं, दोन कमी पडले. म्हणून मराठीत डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने रेघ कापड फाडताना ठेवतात तशी सढळ ठेवावी. यंत्राला आखूड चालत नाही, लांब कितीही चालते. आता हा इशारा तसा निरुपद्रवी आहे, पान त्याने अडत नाही. पण अनेक प्रकल्पांनी शिस्तीसाठी एक कळ फिरवलेली असते, जिच्यामुळे प्रत्येक इशारा हा गुन्हा ठरतो आणि बिल्ड तिथेच थांबतं. मग ‘हे पान कुठल्याही अनुक्रमणिकेत नाही’ या इशाऱ्यापायी अख्खा ग्रंथ अडून बसतो, आणि ते पान नेमकं जुन्या साधनातून आलेलं, कुणालाच नको असलेलं, पण काढून टाकायला कुणी धजत नाही असं असतं.

इथे कुणी म्हणेल, की ही सगळी नवशिक्यांची रडगाणी आहेत. एकदा बसवलं की बसलं. तसं असतं तर फार बरं झालं असतं. पण या साधनांना स्वतःचे पाहुणेही असतात. स्फिंक्स हे पानांचे साचे भरण्यासाठी जिंजा नावाच्या दुसऱ्या एका साधनावर अवलंबून आहे. २४ मार्च २०२२ ला जिंजाची ३.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यातून काही जुनी नावं वगळली गेली. वगळणार हे आधी सांगितलेलं होतं, पण ते जिथे सांगितलं होतं ते डॉक्युमेंटेशन होतं, तेव्हा वाचलं कुणी असेल असं मानायला आधार नाही. त्या दिवसानंतर जुन्या आवृत्तीच्या स्फिंक्सवर थांबलेले आणि जिंजाची आवृत्ती न बांधलेले प्रकल्प एकामागून एक पडू लागले. त्यांच्या मजकुरात स्वल्पविरामही बदललेला नव्हता. काल बिल्ड होत होतं, आज होत नाही, आणि मधल्या काळात प्रकल्पातल्या कुणीही काहीही केलेलं नाही. वाळूजमधला टांगलेला कागद असा कधीच वागत नाही. शाई ज्या कंपनीची होती तिने नवी शाई काढली म्हणून जुन्या कागदावरची अक्षरं उडाली, असं त्या वसाहतीच्या इतिहासात नमूद नाही.

सर्वांत भारदस्त आक्षेप वेगळाच आहे. तो असा, की लोकलला बिल्ड करायचंच कशाला? रीड द डॉक्ससारख्या सेवा २०१० पासून आहेत. आपण मजकूर पाठवायचा, तिथला सर्व्हर बिल्ड करतो, पानं जगाला दिसतात. प्रत्येकाने घरी यंत्रणा उभारणं हा वेळेचा अपव्यय आहे. हा आक्षेप मुंबई-पुण्यात कदाचित खपेल. ज्या शहराने वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड, कधी आठवड्यानेही नळाला पाणी पाहिलं, त्या शहरात तो करू नये. जायकवाडीत पाणी भरपूर आहे, पाइपलाइन आहे, पंपगृह आहे, महापालिका आहे, हे सगळं खरं असूनही इथल्या गच्चीवर टाकी असते आणि टाकी नसलेल्या घराला कुणी पुरोगामी म्हणत नाही. वर धरणात आहे आणि घरात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरवरच्या बिल्डचं तसंच: मजकूर पाठवा, रांगेत थांबा, काही मिनिटांनी कळतं की एका ठिकाणी स्पेस कमी होती, ती टाका, पुन्हा पाठवा, पुन्हा थांबा. एका वाक्याच्या दुरुस्तीसाठी अशा खेपा घालायच्या, आणि प्रत्येक खेपेची नोंद सगळ्या जगाला दिसणार. लाजेपोटी माणूस तिसऱ्या खेपेला गप्प बसतो. चुकीचं वाक्य मात्र तसंच राहतं आणि रोज हजारांना चुकीचं सांगत राहतं. शिवाय सेवेच्या अटीही बदलतात. रीड द डॉक्सने २०२३ मध्ये प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र मांडणी-फाइल सक्तीची केली. कारण रास्त होतं, मुदतही दिली होती, पण ज्या प्रकल्पांकडे लक्ष द्यायला कुणी उरलंच नव्हतं त्यांची नवी बिल्डं त्यानंतर थांबली. लोकलला बिल्ड होत असतं तर निदान कुणाला तरी पुढे नेता आलं असतं.

आणि या वाक्यदुरुस्तीला हलकं समजू नये. मुक्त सॉफ्टवेअरच्या वाड्यात शिरायचा हाच पहिला दरवाजा आहे. मोठ्या प्रकल्पाच्या गाभ्यात हात घालायला वर्षं लागतात. डॉक्युमेंटेशनमधली चूक मात्र वाचणाऱ्या कुणालाही दिसते, आणि नवख्याला तर आधी दिसते, कारण जुन्यांनी ते पान वाचणं कधीच सोडलेलं असतं. दरवाजा किती सताड उघडा ठेवायचा हा प्रश्न आहेच. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे मुक्त प्रकल्पांना हातभार लावण्याच्या वार्षिक उपक्रमात, टी-शर्ट मिळणार म्हणून हजारो उत्साही मंडळींनी, त्यात आपले देशबंधू ठळकपणे होते, कुठल्याही प्रकल्पाच्या मुखपृष्ठ-फायलीत ‘अप्रतिम प्रकल्प’ असे शब्द घुसवून पाठवायला सुरुवात केली. ऑक्टोबर धड सुरू होतो न होतो तोच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांची तयारी आहे त्यांनीच सहभागी व्हावं. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की दरवाजा अवघडच असलेला बरा, बिल्डची कटकट ही गाळणी आहे. हा युक्तिवाद दिसायला चतुर आहे, पण गाळणीतून जातं काय ते बघा. टी-शर्टवाला बिल्ड करतच नाही; तो फाइल उघडतो, दोन शब्द टाकतो आणि पाठवतो. बिल्डपाशी अडकते ती आपली दुरुस्ती पानावर नीट दिसते का हे पाठवण्याआधी पाहणारी, म्हणजे जी हवी असते तीच. गाळणीने पाणी अडवून गाळ पुढे सोडावा, तसं.

मग उपाय म्हणून कंटेनर पुढे केला जातो. डॉकर बसवा, एक आज्ञा द्या, सगळं साहित्य एका डब्यात बंद होऊन येतं, तुमच्या यंत्रावर काय आहे नि काय नाही याची फिकीरच नको. हा उपाय अर्धा मान्य आहे. एक आज्ञा हीच माझीही मागणी आहे आणि डबा ती पुरवतो. पण एका वाक्यासाठी शेकडो मेगाबाइटांचा डबा उतरवायला लावणं, चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडायला लावणं, आणि वर “सोपं आहे” म्हणणं, हे सोपेपण ज्याने कधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम केलेलं नाही त्याचं आहे. डबा ही सोय म्हणून उत्तम. डब्याशिवाय बिल्डच होत नसेल, तर तो कपाटाची किल्ली ठेवायचं दुसरं कपाट झाला. हल्ली आणखी एक उत्तर निघालंय, की एआयला विचारा, तो सांगेल बिल्ड कसं करायचं. तो सांगतो, प्रसन्नपणे सांगतो. पण साधन कालपरवा बदललेलं असतं आणि जुन्या साधनाविषयी जगात दहा वर्षांचा मजकूर पडलेला असतो. त्यामुळे जुनीच आज्ञा मिळण्याचा संभव दांडगा, फक्त आत्मविश्वास नवा.

इतकं वाचून वाटेल, की हा माणूस साधन बदलण्याच्याच विरोधात आहे. याच्या मते अजून सगळ्यांनी टाइपरायटरवर लिहावं. तसं नाही. बदल करून सोनं झालेली उदाहरणं आहेत आणि ती माझ्याच बाजूची आहेत. पायथन भाषेचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लेटेकमध्ये होतं. लेटेक हे गणिताचे ग्रंथ छापायला बेजोड साधन, पण एक परिच्छेद दुरुस्त करायला ते शिकायचं म्हणजे भारीच. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते सगळं साध्या मजकुराकडे वळवलं, त्यासाठी स्फिंक्स लिहिलं, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या पायथन २.६ सोबत नवं डॉक्युमेंटेशन लोकांसमोर आलं. फरक असा, की त्यांनी साधन बदललं ते लिहिणाऱ्याचा त्रास कमी करण्यासाठी, आणि बिल्ड ‘मेक एचटीएमएल’ एवढ्या दोन शब्दांत ठेवलं. कुबर्नेटीस या मुक्त प्रकल्पाने २०१८ मध्ये जेकिल सोडून ह्यूगो धरलं. तिथली पानं इतकी वाढली होती की बिल्ड व्हायला लागणारा वेळ हीच तक्रार होती. म्हणजे दुखणं खरं होतं आणि औषध त्याच दुखण्यावरचं होतं. ह्यूगोची ख्याती अशी, की एकच फाइल उतरवा आणि कामाला लागा. पुढे त्या एका फाइलीला विशेष आवृत्ती हवी झाली, मग रूपासाठी आणखी एक भांडार, मग त्यासाठी नोडची पॅकेजं. एका जीवाचा संसार असाच वाढतो, त्याला इलाज नाही. तरीही त्यांनी आपल्या मुखपृष्ठ-फायलीत हे सगळं पायरीपायरीने लिहून ठेवलं आणि नेहमी येणाऱ्या अडचणीही तिथेच नोंदवल्या. वाळूजचा ऑडिटर तिथे फार तर एखादं निरीक्षण लिहून पुढे गेला असता.

साधन बदलतानाही टिकवायचं काय असतं, हे या शहराला निराळं सांगायला नको. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी आली आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. त्यावरच्या मतांत शिरण्याचं इथे कारण नाही. व्यवहारात काय झालं एवढंच बघू. लेटरहेडं बदलली, पाट्या बदलल्या, कारखान्यांच्या कागदांवरचे पत्ते बदलले आणि त्या निमित्ताने रिव्हिजन नंबर एकाने वाढले. पण शहराचा पिन कोड ४३१००१ होता तो तसाच राहिला आणि गाड्यांवरचं एमएच २० सुद्धा. त्यामुळे जुनं नाव लिहिलेलं पत्रही पोचतं, नवं लिहिलेलंही. डॉक्युमेंटेशनचं साधन बदलणारे उत्साही लोक नेमके इथे चुकतात. ते नावासोबत पिन कोडही बदलतात. पानांचे पत्ते बदलतात, त्यामुळे जगभरातून त्या पानांकडे दाखवणारे दुवे निकामी होतात. आणि बिल्डची आज्ञा बदलते, त्यामुळे हाताला सवय झालेले लोक पहिल्याच दिवशी परके होतात. नवं साधन आतून कितीही वेगळं असो, बाहेरून जुन्याच नावाने हाक मारता येईल अशी सोय करायला फार तर एक दुपार लागते. ती दुपार बहुधा लोगो कुठे असावा यात गेलेली असते.

ऑक्टोबर २०१६ हा महिना या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी त्या महिन्यात आयएटीएफ १६९४९ हे नवं मानक निघालं आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या पुरवठादारांना जुन्या मानकावरून त्यावर यायला १४ सप्टेंबर २०१८ पर्यंतची मुदत मिळाली. गंमत अशी, की आयएसओ ९००१ ने त्याच्या वर्षभर आधी क्वालिटी मॅन्युअलची सक्ती काढून टाकली होती. सुटकेचा निःश्वास टाकायला लोकांनी छाती भरून घेतली तोच वाहनांच्या मानकाने ती सक्ती आपल्यापुरती कायम ठेवली. जाड फाइल जिथल्या तिथे राहिली. त्या दोन वर्षांत कारखान्यांनी फॉरमॅट बदलले, तक्ते बदलले, प्रशिक्षणं घेतली, समोसे खाल्ले. पण मशीनशेजारचं पाकीट एकाही दिवशी रिकामं ठेवलं नाही, कारण ते रिकामं ठेवून चालतच नाही. ऑपरेटरच्या दृष्टीने मानक बदललं हे कागदाच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावरून कळण्याजोगं होतं. स्थलांतर कसं करावं याचा हा वस्तुपाठ आहे, आणि तो देणाऱ्यांना कुणी कधी तंत्रज्ञान परिषदेत भाषणाला बोलावलेलं नाही.

त्याच महिन्यात, २ ऑक्टोबर २०१६ ला, लिनक्स कर्नलची ४.८ ही आवृत्ती आली आणि तिच्यापासून कर्नलचं डॉक्युमेंटेशन डॉकबुक सोडून स्फिंक्सकडे निघालं. डॉकबुकचा मजकूर एक्सएमएलच्या कंसांनी इतका गजबजलेला असायचा की लिहिणाऱ्याला मजकूर शोधावा लागे. बिल्डची यंत्रणाही अवजड झालेली, आणि बाकीचे शेकडो साधे मजकूर वेगळेच विखुरलेले. नवं साधन निवडताना त्यांनी एक अट पाळली: बिल्ड न करताही मूळ फाइल साध्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे. म्हणजे कपाट बंद असलं तरी काचेतून दिसावं. जुनी नि नवी यंत्रणा काही आवृत्त्या शेजारी शेजारी चालू दिली आणि फायली जसजशा तयार झाल्या तसतशा हलवल्या. पुढे बिल्डसोबत एक छोटी स्क्रिप्टही दिली. ती तुमच्या यंत्रावर कुठलं लिनक्स आहे हे ओळखते, काय काय कमी आहे ते बघते आणि ते बसवायच्या आज्ञा जशाच्या तशा छापून देते. फक्त उचलायच्या आणि चालवायच्या. एरर आली तर माणसाला दोष न देता उपाय सांगणारं यंत्र ही संगणकाच्या जगात दुर्मिळ चीज आहे, तिची कदर व्हावी. इंजिन, मजकुराची पद्धत, साचे, फोल्डर असं सगळं त्यांनी बदललं. डॉकबुकच्या काळात कर्नलचं डॉक्युमेंटेशन बिल्ड करायला ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ ही आज्ञा द्यावी लागे. स्फिंक्सच्या काळातही तीच द्यावी लागते.